घरामागच्या हरणांसाठी टाउनशिप राज्याकडे परवाना मागत आहे. संमतीपत्रावर सही करावी का?

पारिजात (प्रश्न)

नमस्कार.

आम्ही गेली नऊ वर्षे न्यू जर्सीच्या मध्य भागातील एका टाउनशिपमध्ये (नगरपालिकेसारखी स्थानिक संस्था असलेल्या गावात) राहतो. घरामागे टाउनशिपच्या मालकीची राखीव झाडी आहे आणि तिथून पांढऱ्या शेपटीची हरणे आमच्या अंगणात येतात. पहिल्या वर्षी संध्याकाळी एखाद-दुसरे दिसत असे. आता सात-आठ जणांचा कळप रोज येतो. मागच्या नोव्हेंबरमध्ये माझ्याच गाडीसमोर एक हरीण आले. आम्हाला कोणालाही इजा झाली नाही, पण ते वाचले नाही, आणि मागे बसलेल्या माझ्या अकरा वर्षांच्या मुलाने ते सगळे पाहिले. त्याआधीच्या उन्हाळ्यात माझ्या नवऱ्याला गोचीड चावून लाइमचा आजार झाला होता. म्हणजे या प्रश्नाची झळ आम्हाला बसलेली आहे.

आता टाउनशिपच्या कौन्सिलपुढे असा ठराव आहे की, राज्याकडे समुदायाधारित हरीण-व्यवस्थापनाच्या विशेष परवान्यासाठी अर्ज करावा. त्याच वेळी, झाडीला लागून असलेल्या आम्हा काही घरांना संमतीपत्रे आली आहेत. आमच्या घराच्या दीडशे फुटांच्या आत धनुर्धारी शिकाऱ्यांना थांबू द्यावे, असे त्यात म्हटले आहे. पत्रात कारणे तीन ओळींत दिली आहेत: अपघात, लाइम आणि झाडीची हानी. किती हरणे मारणार, किती वर्षे, कोण मारणार आणि त्यानंतर काय, यांपैकी एकाही गोष्टीचा त्यात उल्लेख नाही.

माझ्या सासूबाई सध्या सांगलीहून सहा महिन्यांसाठी आल्या आहेत. त्या रोज चार वाजता सफरचंदाच्या फोडी आणि उरलेल्या पोळ्या कुंपणापाशी ठेवतात आणि त्यांची ती हरणे नेमाने येतात. पत्रातला मजकूर त्यांना सांगितला तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी ताटात दोन पोळ्या जास्त होत्या.

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. हा परवाना नेहमीच्या शिकारीच्या परवान्यापेक्षा वेगळा कसा? माझ्या सहीला कायद्याने किती वजन आहे? आणि मारण्याऐवजी नसबंदी किंवा गर्भनिरोधक लस वापरावी, अशी मागणी करता येते का? पुढच्या मंगळवारी सुनावणी आहे. ज्यांना या व्यवस्थेचा अनुभव आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

डेलावेअरकाठ (उत्तर १)

पारिजात, मी न्यू जर्सीत सत्तावीस वर्षे राहतो आणि त्यांपैकी सहा वर्षे आमच्या गावाच्या पर्यावरण आयोगावर स्वयंसेवक सदस्य म्हणून काम केले आहे. आमच्याकडेही असाच अर्ज झाला होता. मी वकील नाही. जे कागद हाताळले त्यांवरून लिहितो.

आधी मालकीची गोष्ट, कारण बाकीचे सगळे तिच्यावर उभे आहे. इथले रानटी हरीण ज्याच्या जमिनीवर उभे आहे, त्याच्या मालकीचे नसते. राज्य जनतेच्या वतीने त्याचे विश्वस्त असते. म्हणून माझ्या अंगणात येऊन माझी होस्टाची शोभेची झाडे खाणाऱ्या हरणाला मी माझ्या मर्जीने मारू शकत नाही, आणि टाउनशिपही आपल्या झाडीतल्या हरणांना आपल्या मर्जीने मारू शकत नाही. १९०० च्या सुमारास बेसुमार आणि बाजारासाठी होणाऱ्या शिकारीमुळे संपूर्ण अमेरिकेत ही हरणे पाच लाखांच्या आत उरली होती, असा अंदाज सांगितला जातो. आज ती तीन कोटींच्या आसपास आहेत. जंगली हरणाचे मांस विकण्यावर बंदी आली, हंगाम ठरले, माद्यांना अनेक वर्षे पूर्ण संरक्षण मिळाले, आणि लांडगे व प्यूमा तर त्याआधीच इथून संपलेले होते. परवान्याची व्यवस्था मुळात हरणे वाचवण्यासाठी उभी राहिली. त्याच व्यवस्थेला आता ती कमी करण्याचे काम करावे लागत आहे. हा उलटा प्रवास ध्यानात घेतला की नियमांतल्या बऱ्याच विसंगतींचा उलगडा होतो.

नेहमीच्या शिकारीसाठी राज्याने हरीण-व्यवस्थापनाचे विभाग आखले आहेत. राज्याची फिश अँड गेम कौन्सिल दरवर्षी त्या त्या विभागाचा हंगाम, हत्यारे आणि मर्यादा ठरवते. धनुष्यबाणाचे हंगाम काही विभागांत सप्टेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत चालतात. काही विभागांत हंगामाच्या सुरुवातीला शिकाऱ्याला आधी एक शिंगे नसलेले हरीण मारून त्याची नोंद करावी लागते, त्यानंतरच तो शिंगाळ्या नरावर बाण सोडू शकतो. शिकाऱ्याला हवी असतात शिंगे, पण एक नर अनेक माद्यांना पुरतो, त्यामुळे नर कितीही मारले तरी पुढच्या वर्षीची पाडसे तितकीच येतात. सुपीक उपनगरात प्रौढ मादीला बहुधा जुळी होतात. संख्या ठरते ती माद्यांवर.

विशेष परवाना याहून वेगळा आहे. २००० सालच्या कायद्यानंतर गावे, काउंटी (म्हणजे जिल्हे) आणि विमानतळ यांना नेहमीच्या हंगामाबाहेरच्या किंवा एरवी निषिद्ध असलेल्या पद्धतींसाठी राज्याकडे अर्ज करता येऊ लागला. प्रिन्स्टन टाउनशिपने २००१ मध्ये व्यावसायिक नेमबाज आणले, तो या कायद्याचा सर्वांत गाजलेला वापर. रात्री आमिषावर गोळी घालणे, तसेच जाळ्यात पकडून डोक्यात कत्तलखान्यातल्या पिस्तुलाने बोल्ट (धातूचा दांडा) मारणे, या दोन्ही गोष्टी तिथे झाल्या आणि गाव अक्षरशः दुभंगले. युनियन काउंटीने त्याआधीच, १९९४ पासून, वॉचंग रिझर्व्हेशन या राखीव जंगलात आणि एसेक्स काउंटीने २००८ पासून साउथ माउंटन रिझर्व्हेशनमध्ये निवडक स्वयंसेवी नेमबाजांकडून हरणे कमी करण्यास सुरुवात केली. साउथ माउंटनमध्ये काही वनखंडांना उंच कुंपण घालून आत हरणांना येऊ दिले नाही. आतली आणि बाहेरची जमीन शेजारी शेजारी पाहिली तर वेगळ्या युक्तिवादाची गरज राहत नाही: आत ओक आणि मेपलची रोपे, बाहेर पाचोळा आणि हरणे तोंड लावत नाहीत असे परदेशी स्टिल्टग्रास.

तुमच्या सहीबद्दल. २०१० च्या बदलानंतर धनुष्यबाणासाठी वस्तीच्या इमारतीपासूनचे सुरक्षित अंतर साडेचारशे फुटांवरून दीडशे फुटांवर आले. बंदुकीसाठी ते साडेचारशेच राहिले. त्या दीडशे फुटांच्या आत येण्यासाठी शिकाऱ्याला रहिवाशाची लेखी परवानगी लागते. म्हणजे तुम्ही सही केली नाही तर तो तुमच्या घरापासून दीडशे फूट दूर राहील, पण टाउनशिपच्या झाडीत त्यापलीकडे बसण्यापासून तुमचा नकार त्याला थांबवू शकत नाही. अरुंद झाडीत मात्र दोन-तीन नकारांनी बसण्याच्या जागा खरोखर संपतात, म्हणूनच ही पत्रे आली आहेत. सही करायचे ठरवले तर अटी घाला: शिकारी झाडावरच्या मचाणावरच बसेल, म्हणजे बाण जमिनीच्या दिशेने जाईल, दिवस आणि वेळा आधी कळवल्या जातील, जखमी हरीण तुमच्या अंगणात आले तर कोणाला फोन करायचा, ते लेखी असेल.

सुनावणीआधी टाउनशिपच्या क्लार्ककडे सार्वजनिक नोंदींच्या कायद्याखाली अर्जाचा मसुदा मागा. त्यात हरणांची मोजणी कशी आणि केव्हा केली, हे पाहा. रस्त्यावरून उचललेल्या प्रत्येक मृत हरणाची नोंद सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असायला हवी. तारीख आणि रस्ता यांसह ती मागा. आमच्या गावाच्या पहिल्या मसुद्यात 'हरणे फार झाली आहेत' याखेरीज काहीच नव्हते आणि आमच्याच आयोगाने तो परत पाठवला होता.

लाइमचे कारण पत्रात ज्या सहजतेने दिले आहे, ते मला पटत नाही. प्रौढ गोचिडीला हरणाचे रक्त लागते हे खरे, पण आजाराचे जिवाणू तिला मुख्यतः पांढऱ्या पायांच्या उंदरांकडून मिळतात. मेन राज्यातील मॉन्हेगन बेटावरून १९९० च्या दशकाअखेर सगळी हरणे काढून टाकल्यावर गोचिडी खरोखर घटल्या, पण ते समुद्रातले बेट आहे आणि तिथे एकही हरीण शिल्लक ठेवले नाही. पाचशेची अडीचशे हरणे केल्याने उपनगरातला लाइम कमी होईल, असे आश्वासन कोणीही देऊ नये.

आणि सासूबाईंना माझा नमस्कार सांगून एवढे अवश्य सांगा की, पोळ्या आणि सफरचंदे देणे थांबवावे. हिवाळ्यात हरणाचे पोट काड्या आणि कळ्या पचवण्यासाठी तयार झालेले असते. त्यात अचानक धान्याचे पीठ गेले तर पोटात आम्ल वाढून हरीण भरल्या पोटी मरू शकते. शिवाय एकाच जागी तोंड घालणारा कळप एकमेकांचे आजार घेतो. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात २०१२ पासून हरणांना झिजवून मारणारा मेंदूचा रोग आढळत आहे, त्यामुळे हे भय काल्पनिक नाही.

बांधावरून (उत्तर २)

मी हंटर्डन काउंटीत चौदा एकर जमीन भाड्याने घेऊन सोयाबीन, दुधी, वांगी आणि भेंडी करतो. शेतकऱ्यांना मिळतो तो पीकहानीचा परवाना वेगळा असतो, पण 'परवाना मिळाला' याचा प्रत्यक्षात अर्थ काय, ते त्यावरून कळेल.

सोयाबीन उगवून दोन-तीन पानांवर असताना हरणे शेंडा खुडतात. पहिल्या वर्षी रानाच्या बाजूच्या बारा ओळी मला अक्षरशः कापणी झाल्यासारख्या दिसल्या. आठ फूट उंचीचे कुंपण घालणे हा खरा उपाय, कारण त्याहून कमी उंचीवरून हरीण सहज उडी मारते. पण भाड्याच्या जमिनीवर तो खर्च मला झेपत नव्हता. मी राज्याकडे अर्ज केला, नुकसान दाखवले आणि परवाना मिळाला. त्यात कोण गोळी घालणार त्यांची नावे, शेताची हद्द, मुदत आणि शिंगे नसलेलीच हरणे मारण्याची अट होती. प्रत्येक हरणाची नोंद ठेवून अहवाल द्यावा लागला. मांस विकता येत नाही. ते आम्ही गरजूंना अन्न पुरवणाऱ्या संस्थेकडे दिले.

मी स्वतः शाकाहारी आहे आणि बंदूक चालवत नाही. माझ्या वतीने शेजारचा एक वयस्कर शिकारी येत असे. जूनमध्ये त्याने एक मादी मारली आणि तिच्या आचळांत दूध होते. मे-जून हा पाडसांचा काळ. त्या रात्री आम्ही दोघे टॉर्च घेऊन कडेचे गवत धुंडाळत होतो आणि पाडस सापडले नाही. पुढच्या वर्षी परवाना हातात असूनही आम्ही त्या सहा आठवड्यांत एकही गोळी झाडली नाही आणि त्या ओळींवर स्वस्त विद्युत-तार ओढली. परवाना मारण्याची मुभा देतो, सक्ती करत नाही. तुमच्या टाउनशिपच्या अर्जात कोणते महिने लिहिले आहेत, ते ताई, सर्वांत आधी पाहा.

सातपुडा_निवृत्त (उत्तर ३)

मी महाराष्ट्र वन विभागातून निवृत्त झालो आहे. माझी मुलगी तुमच्याच राज्यात असते, म्हणून हा धागा वाचला. आपल्याकडची बाजू थोडक्यात मांडतो, कारण तुलनेतून एक मुद्दा स्पष्ट होतो.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकारीवर बंदी आहे आणि कलम ११ हा तिचा अपवाद. दुसऱ्या अनुसूचीतील प्राणी उभ्या पिकांना धोकादायक झाला असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी प्राधिकृत केलेला अधिकारी लेखी कारणे नोंदवून परवानगी देऊ शकतो. पहिल्या अनुसूचीतील प्राण्यासाठी पिकाचे नुकसान हे कारणच चालत नाही. त्यामुळे विदर्भातल्या शेतकऱ्याला रोहीसाठी (नीलगायीसाठी) परवानगी मागता येते, पण सोलापूरकडच्या शेतकऱ्याला काळविटासाठी मागता येत नाही. त्याच्या वाट्याला येतो तो नुकसानभरपाईचा अर्ज आणि रात्रीची जागल. (रोही आणि काळवीट हे सारंग नसून कुरंग आहेत, त्यांची शिंगे दरवर्षी गळत नाहीत. बोलण्यात आपण सर्वांनाच हरीण म्हणतो.)

माझ्या परिक्षेत्रातील एका शेतकऱ्याला रोहीसाठी परवानगी मिळाली होती. तो कागद त्याने घडी करून देवघरात ठेवला, कारण त्याच्याकडे बंदूक नव्हती, परवानाधारक नेमबाज मिळत नव्हता आणि गावातल्या अनेकांना त्या जनावरावर गोळी घालणे मान्य नव्हते. पाऊस गेला, तूर गेली, मुदतही गेली. किती परवानग्या दिल्या, किती वापरल्या गेल्या आणि त्याने पिकाचे नुकसान कमी झाले का, हे आम्हाला एकत्र मांडता आले नाही, याची खंत मला आजही आहे. अशा हतबलतेतून काही जण कुंपणात थेट वीज सोडतात. मग त्यात रोहीबरोबर वाघ मरतो आणि माणूसही मरतो.

दुसरे टोक म्हणजे उपद्रवी घोषित करणे. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने बिहारच्या काही जिल्ह्यांत रोहींना एका वर्षासाठी उपद्रवी ठरवले आणि २०१६ च्या जूनमध्ये मोकामा भागात बाहेरून आणलेल्या नेमबाजांनी मोठ्या संख्येने रोही मारले. तेव्हा केंद्रातील दोन मंत्र्यांमध्येच जाहीर वाद झाला. घोषणेच्या मुदतीत त्या प्राण्याचे संरक्षणच काढून घेतलेले असते; प्रत्येक जनावरामागे कारण लिहिण्याची गरज उरत नाही. परवान्याखाली मारले जाणारे जनावर शेवटच्या क्षणापर्यंत कायद्याच्या आत असते, त्याच्यासाठी कोणीतरी नाव लिहून, सही करून जबाबदार असते. म्हणून पारिजात, परवाना मागितला जातो आहे याची भीती बाळगू नका. त्यातल्या रिकाम्या रकान्यांची चौकशी करा.

पारिजात

सर्वांचे मनापासून आभार. काका, देवघरातल्या त्या कागदाची गोष्ट मी घरी वाचून दाखवली. नसबंदीच्या प्रश्नाचे उत्तर मात्र अजून मिळाले नाही. आमच्या गल्लीतल्या बऱ्याच जणांचा आग्रह त्यासाठीच आहे.

डेलावेअरकाठ

ते माझ्याकडून राहिले. मागणी करता येते, पण त्यालाही राज्याची परवानगी लागते, कारण हरणाला पकडणे किंवा औषध टोचणे हेसुद्धा राज्याच्या अखत्यारीतले काम आहे.

न्यूयॉर्क राज्यात याचे बरेच प्रयोग झाले आहेत. इथाकाला कॉर्नेल विद्यापीठाच्या परिसरात माद्यांच्या गर्भनलिका बांधल्या. पाडसे कमी झाली, पण अंडाशय शाबूत असल्याने गर्भ न राहिलेल्या माद्या पुन्हा पुन्हा माजावर येत राहिल्या आणि त्यांच्या वासाने बाहेरचे नर परिसरात ओढले गेले. विद्यापीठाला अखेर मारण्याचा परवाना घ्यावा लागला. स्टेटन आयलंडवर २०१६ पासून उलट बाजूने, म्हणजे नरांची नसबंदी करून, काम सुरू झाले. तिथे पाणी चारी बाजूंनी असले तरी न्यू जर्सीतून पोहून येणारी हरणे आहेतच. फायर आयलंडवर १९९३ पासून बरीच वर्षे माद्यांना गर्भनिरोधक लस दिली गेली. बंदिस्त जागा, माणसाळलेली हरणे आणि दरवर्षी परत परत टोचण्याची तयारी, या तिन्ही गोष्टी असतील तर लसीचा उपयोग होतो. तुमची झाडी शेजारच्या दोन गावांच्या झाड्यांना जोडलेली असेल, तर तुम्ही टोचलेल्या मादीच्या जागी पलीकडची न टोचलेली मादी येईल.

शिवाय नसबंदी झालेले हरीण जिवंत राहते, म्हणजे पुढची अनेक वर्षे रोपे खाते आणि नोव्हेंबरमध्ये रस्ता ओलांडते. ज्यांना मारणे मान्य नाही, त्यांच्या भावनेचा मला पूर्ण आदर आहे; माझ्या पत्नीचेही तेच मत आहे आणि आमच्या घरात हा वाद मिटलेला नाही. पण या उपायाने अपघात लगेच कमी होतील, असे सुनावणीत सांगू नका, कारण समोरचा जीवशास्त्रज्ञ ते एका वाक्यात खोडून काढेल.

पारिजात

क्लार्ककडून आज मसुदा मिळाला. मोजणी तीन वर्षांपूर्वीची आहे आणि ती झाली तेव्हा आमच्या मागच्या झाडीचा अर्धा भाग नवीन घरांसाठी तोडलेला नव्हता. रस्त्यावरच्या मृत हरणांचा तक्ता जोडलेला आहे, पण त्यातली जवळजवळ सगळी नोंद महामार्गालगतच्या एका पट्ट्यातली आहे, जिथे संमतीपत्रे कोणालाच गेलेली नाहीत, कारण तिथे घरेच नाहीत. महिने 'आवश्यकतेनुसार' असे लिहिले आहेत. दुसऱ्या वर्षी पुन्हा मोजणी होईल का, याबद्दल काहीही लिहिलेले नाही.

मंगळवारी मला तीन मिनिटे मिळतील. त्यात मी चार गोष्टी मागणार आहे: या हिवाळ्यात नवी मोजणी, महिने स्पष्ट लिहून मे-जून वगळणे, महामार्गालगतच्या पट्ट्यापासून सुरुवात, आणि दरवर्षीचा अहवाल टाउनशिपच्या सभेत वाचून दाखवणे. या चार गोष्टी अर्जात आल्या तर मी मचाणाची अट घालून सही करेन. इतका विचार करूनही ते लिहिताना माझा हात थांबला होता, हेही सांगते.

सासूबाईंना पोटातल्या आम्लाबद्दल समजावून सांगितले. त्यांनी दोन प्रश्न विचारले आणि ताट आत नेले. हरणे काल चार वाजता आली, कुंपणापाशी काही वेळ उभी राहिली आणि झाडीत परत गेली.